पावसाच्या बातमीत मिलिमीटर छापा, आणि ओल बघायची रीतही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना संपत आला की आपल्या पेपरात दरवर्षी एक बातमी येते. कुठंतरी वळवाचा मोठा पाऊस झालेला असतो, ट्रॅक्टरवर बसलेल्या शेतकऱ्याचा फोटो असतो आणि वर ठळक मथळा असतो, 'बळीराजा सुखावला, पेरणीला वेग'. बातमी शेवटपर्यंत वाचली तरी पाऊस किती झाला ते कळत नाही. 'दमदार' हजेरी लावली, एवढंच कळतं. माझी त्याबद्दल तक्रार आहे आणि सोबत एक मागणी आहे. यंदाच्या जूनमध्ये पावसाच्या प्रत्येक बातमीत मंडळनिहाय, म्हणजे तालुक्यातल्या प्रत्येक महसूल मंडळाचे, मिलिमीटर द्या. आणि त्याच पानावर, रोज, रानातली ओल आणि घरातलं बियाणं तपासायची रीत छापा. जागा कमी असेल तर फोटो लहान करा.

मी औसा तालुक्यात राहते. आमची सात एकर जमीन आहे, बरीचशी काळी भारी, वरच्या बांधाला थोडी मुरमाड. खरिपात सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी, मागून हरभरा, घरी खाण्यापुरती ज्वारी. कधी पेरायचं हे मी आणि माझे धाकटे दीर मिळून ठरवतो. आमच्या बचत गटातल्या बायका उन्हाळ्यात घरोघरच्या बियाण्याची उगवण तपासतात, त्यातही मी असते. तेव्हा इथं लिहिलेलं सगळं आम्ही हातानं केलेलं आहे.

पेपरातल्या मथळ्यानं कुठं पेरणी होते का, असं आपल्याला वाटेल. होते. सकाळी हॉटेलात चहा पिताना कोणीतरी मोठ्यानं वाचतो, 'निलंग्यात पेरण्या सुरू झाल्या.' दुपारपर्यंत ट्रॅक्टरवाल्याला फोन जातात, कारण गावात पेरणीयंत्रं मोजकी आहेत आणि आज नंबर लावला नाही तर आठवडाभर मिळणार नाही ही धास्ती असते. कृषी सेवा केंद्रासमोर गर्दी दिसते, ती बघून आणखी गर्दी होते. बियाणं आणि खत उधारीवर उचललेलं असतं, ते घरात पडून राहिलं की जिवाला घोर लागतो. या घाईत आपल्या रानात ओल किती गेली हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. घरातली बाई विचारते तेव्हा तिला उत्तर मिळतं, 'पेपरात आलंय.'

२०२५ सालचंच बघा. मान्सून केरळात २४ मेला आला, नेहमीच्या १ जूनच्या आठवडाभर आधी. मुंबईत तो २६ मेला पोचला. तिथली नेहमीची तारीख ११ जून. आमच्याकडं मे महिन्यातच नाले वाहिले. म्हातारी माणसं म्हणाली, असा मे आम्ही बघितला नाही. आणि मग मान्सून मेअखेरीस जिथं होता तिथंच जूनच्या मध्यापर्यंत अडकून पडला. हवामान खात्यानं आणि कृषी विभागानं पेरणीची घाई करू नका असं सांगितलं होतं, पण ते आतल्या पानावर, बारीक अक्षरात आलं. आमच्या शिवारात ज्यांनी मेच्या पाण्यावर पेरलं त्यांच्यापैकी विहिरीला पाणी असलेल्यांनी तुषार सिंचन लावून पीक वाचवलं. बाकीच्यांनी उगवून आलेलं रान मोडलं आणि पुन्हा बियाणं आणलं. दुसऱ्या वेळचं बियाणं, दुसऱ्या वेळचा ट्रॅक्टर, दुसऱ्या वेळची मजुरी. दुबार पेरणीचा हा खर्च शेवटी घरातूनच जातो, आणि आमच्या घरांमध्ये तो बहुतेक वेळा बाईच्या बचतीतून किंवा गळ्यातल्या मण्यांतून निघतो. म्हणून मी एवढ्या तळमळीनं लिहिते आहे.

माझ्या सासूबाई शाळेत गेल्या नव्हत्या. मृग निघाला की त्या खुरपं घेऊन रानात जायच्या. एकाच जागी उकरून परत यायच्या नाहीत. वरच्या बांधाजवळ एकदा, मधे एकदा आणि खाली नाल्याच्या अंगाला एकदा, अशा जागा उकरायच्या. अंगठा आणि करंगळी ताणून वीत मोजायच्या. वीतभर खालपर्यंत माती हाताला गार आणि ओली लागली पाहिजे आणि मधे कुठंही कोरडा थर लागता कामा नये, एवढा त्यांचा नियम. वरच्या बांधाला ओल कमी निघाली तर तेवढा तुकडा मागं ठेवायच्या. खालच्या रानात पेरायचं आणि वरचं चार दिवसांनी, असं आमच्याकडं कित्येकदा झालं आहे. सगळं रान एकाच दिवशी पेरलं पाहिजे असा हट्ट त्यांनी कधी धरला नाही.

या वितीमागचं कारण मला पुढं कळलं. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते. पहिल्या पावसाचं बरंचसं पाणी त्या भेगांत जातं, काही ढेकळं भिजवण्यात जातं, आणि दुसऱ्या दिवशीचं ऊन वरच्या थरातलं ओढून घेतं. रस्त्यावरून पाणी वाहताना दिसतं, ओढा खळाळतो, आणि रानात चार बोटांखाली माती कोरडी ठणठणीत असते. तासाभरात २० मिलिमीटर पाऊस पडला तर गावातली गटारं तुंबतात आणि जो तो म्हणतो, केवढा पाऊस! एक मिलिमीटर म्हणजे एकरावर साधारण चार हजार लिटर पाणी. २० मिलिमीटरचं ऐंशी हजार लिटर झालं. आकडा ऐकून छाती दडपते, पण रानावर पसरलं की त्या पाण्याची जाडी दोन सेंटिमीटर.

आणि सोयाबीन हे तहानलेलं बियाणं आहे. उगवायला दाण्याला स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी प्यावं लागतं. मक्याचं साधारण तिसऱ्या हिश्श्यावर भागतं. अर्धवट ओलीत सोयाबीनचा दाणा फुगतो आणि पुढचं पाणी मिळालं नाही की जागच्या जागी खराब होतो. उगवला तरी मूळ खाली सरकत कोरड्या थराला लागतं आणि दोन पानांवर आलेलं रोप मान टाकतं. एकदा कोंब धरून सुकलेला दाणा पुढच्या पावसाला पुन्हा उठत नाही.

कृषी विभाग आणि परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतात की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. आमच्या भारी रानात तेवढा पाऊस जिरला की वीतभर ओल लागते. म्हणजे सासूबाईंची वीत आणि विद्यापीठाचे मिलिमीटर एकाच ठिकाणी येऊन मिळतात. दोन्ही माहीत असणं बरं, कारण मिलिमीटर वेधशाळेच्या यंत्रात मोजलेला असतो आणि वीत आपल्या रानात. महावेध या राज्याच्या हवामान प्रकल्पाचं पाऊस मोजणारं केंद्र मंडळाला एक असतं. पावसाळ्यात एका शिवारात झोडपतं आणि शेजारच्या शिवारात धूळ उडते, हे आपण सगळे बघतो. मंडळाचा आकडा ७५ दाखवत असेल आणि खुरप्याला चार बोटांवर कोरडी माती लागत असेल, तर खुरप्याचं ऐकायचं.

आमच्या गटातल्या काही घरांनी आता स्वतःचा पर्जन्यमापक केला आहे. त्याला काही खर्च नाही. तळापासून तोंडापर्यंत सारख्याच रुंदीचा, उभ्या कडांचा पत्र्याचा डबा घ्यायचा. झाडाखाली किंवा पत्र्याच्या वळचणीला ठेवायचा नाही, मोकळ्यावर ठेवायचा आणि कलंडू नये म्हणून भोवती दगड लावायचे. रोज सकाळी एकाच वेळेला पोराची शाळेची पट्टी आत उभी धरायची. जितके मिलिमीटर पाणी, तितके मिलिमीटर पाऊस. डबा मोठा की लहान यानं फरक पडत नाही, कडा सरळ हव्यात. पाणी ओतून टाकायचं आणि आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचा. बेरीज तीन इंचांच्या म्हणजे ७५ मिलिमीटरच्या पुढं गेली की खुरपं घेऊन निघायचं. मात्र ही बेरीज लागोपाठच्या पावसाची धरायची. मेच्या मध्यात पडलेला पाऊस आणि तीन आठवड्यांच्या उन्हानंतर जूनमध्ये पडलेला पाऊस यांची बेरीज करून चालत नाही. २०२५ मध्ये बऱ्याच जणांनी नेमकी तीच बेरीज धरली.

ओल पुरेशी झाली म्हणजे लगेच ट्रॅक्टर घालायचा असंही नाही. वाफसा यावा लागतो, म्हणजे माती ओली असूनही मोकळी व्हावी लागते. मूठभर माती घ्यायची, दाबून लाडू वळायचा आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाकायचा. लाडू वळलाच गेला नाही तर ओल कमी आहे. खाली पडून फुटला, मोकळा झाला, तर वाफसा आला आहे. पडून नुसताच चेपला आणि हाताला चिकटा राहिला तर अजून चिखल आहे, थांबायचं. चिखलात पेरलं की वरून माती बसते, पापुद्रा धरतो आणि कोंबाला बाहेर पडता येत नाही. हे दहा वर्षांच्या मुलीला शिकवता येतं. माझ्या नातीला येतं.

खोलीचंही असंच. सोयाबीन दोन बोटं खोल, म्हणजे तीन ते चार सेंटिमीटर. त्याच्या खाली गेलं तर उगवण फसते, कारण सोयाबीनचा कोंब आपल्या दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन वर येतो. वर माती जास्त झाली की ते ओझं त्याला पेलत नाही, मान मोडते. तुरीचं तसं नाही. तुरीच्या डाळिंब्या जमिनीतच राहतात, नुसता शेंडा वर येतो, म्हणून तूर थोडी खोल गेली तरी निघते. पूर्वी तिफणीमागं मोघा, म्हणजे बी सोडायची नळी, धरून तूर टाकणाऱ्या बाईला हा फरक हातानं कळायचा. आता एकाच यंत्राच्या फणातून दोन्ही जातात आणि खोली ट्रॅक्टरवाला ठरवतो. त्याला वेगानं उरकायचं असतं, कारण संध्याकाळी पुढचं रान धरायचं असतं. म्हणून माझे दीर पहिल्या दोन-चार ओळींनंतर ट्रॅक्टर थांबवतात, मागं जाऊन बोटांनी माती उकरतात आणि दाणा किती खोल पडला ते बघतात. ट्रॅक्टरवाला कुरकुरतो. कुरकुरू द्यावं.

आता बियाण्याविषयी. यंदा या गोष्टीची निकड सगळ्यात जास्त आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीच्या आणि अवकाळी पावसानं काढणीला आलेलं सोयाबीन भिजलं. त्याच हंगामातलं बियाणं २०२० च्या जूनमध्ये पेरलं गेलं आणि राज्यभरातून उगवण न झाल्याच्या तक्रारी आल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली होती. आमच्या गावातही बॅगाच्या बॅगा उगवल्या नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरात लातूर, धाराशिव, बीडमध्ये अतिवृष्टीनं काय केलं ते आपणच छापलं आहे. उभ्या पाण्यात सोयाबीन होतं, शेंगांना जागेवर कोंब फुटले होते. त्या पिकातून ज्यांनी बियाणं म्हणून काही राखलं असेल, किंवा जे बाजारातून आणतील, त्या सगळ्यांनी उगवण तपासल्याशिवाय यंदा एक दाणाही रानात टाकू नये.

तपासायला आपला पेपरच उपयोगी पडतो. कागदाला चार घड्या घालून तो पाण्यात भिजवायचा. ढिगातून वरचं, मधलं, तळाचं असं मिसळून दाणे घ्यायचे, निवडून चांगले घ्यायचे नाहीत. एका कागदावर दहा दाणे थोड्या थोड्या अंतरानं ठेवायचे, सैलसर गुंडाळी करायची. अशा दहा गुंडाळ्या, म्हणजे शंभर दाणे झाले. त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून सावलीत ठेवायच्या. चौथ्या दिवशी उघडून बघायचं आणि चांगला कोंब आलेले दाणे मोजायचे. गोणपाटावरही करता येतं, त्यात दहा-दहाच्या ओळी मांडून गोणपाट गुंडाळायचं, पाणी शिंपडत राहायचं आणि सहा-सात दिवसांनी मोजायचं. आम्ही बहुतेक दोन्ही करतो, एक चुकलं तर दुसरं असतं.

शंभरात ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. ७० च्या खाली दर एका टक्क्याला एकरी अर्धा किलो वाढवायचं. आमच्या गटातल्या एकीच्या घरचं एका वर्षी ६२ निघालं, तिनं एकरी ३४ किलो टाकलं आणि रान भरून आलं. ६० च्या खाली निघालं तर ते बियाणं म्हणून वापरायचंच नाही, मोंढ्यावर, म्हणजे धान्यबाजारात, घालायचं. सोयाबीन स्वपरागसिंचित पीक (फूल स्वतःच्याच परागानं फळतं असं) असल्यामुळे घरचं राखलेलं बियाणं दोन-तीन हंगाम चालतं, दरवर्षी नवी बॅग घ्यायची गरज नसते. पण ते बियाणं जपावं लागतं. त्याची साल फार पातळ असते. मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला ४०० च्या आत ठेवावे लागतात, पोती आपटायची नसतात, एकावर एक उंच थप्पी लावायची नसते. पोतं खांद्यावरून धाडकन टाकणाऱ्या माणसाला मी आमच्या दारात उभं करत नाही.

बॅग विकत आणली असेल तर तिचीही अशीच परीक्षा घ्यायची, सीलबंद आहे म्हणून सोडायची नाही. बॅग खालच्या बाजूनं फोडायची, म्हणजे वरचा टॅग शाबूत राहतो. टॅग, पक्की पावती आणि त्यातलं मूठभर बियाणं काढणी होईपर्यंत घरात ठेवायचं. उगवलं नाही तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढं हेच लागतं. एका हंगामात आमच्या शेजारच्यांचं उगवलं नाही. दुकानदारानं पावती कच्ची दिली होती, बॅगा चुलीत गेल्या होत्या. त्यांच्या हातात दाखवायला काहीच उरलं नाही.

जुन्या म्हणी आणि नक्षत्रं यांच्याविषयी मला आदर आहे, पण त्या कशासाठी होत्या ते बघून पाळाव्यात. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' असं आम्ही लहानपणापासून ऐकलं. स्वाती ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात लागते. त्या वेळचा पाऊस रब्बीच्या ज्वारीला खरोखर मोत्यासारखा होता, कारण तेव्हा आमच्या भागात ज्वारी मुख्य पीक होतं. आता त्याच दिवसांत कापलेल्या सोयाबीनची गंज, आम्ही तिला बनीम म्हणतो, रानात उभी असते. स्वाती पडली की ताडपत्री धरायला घरातली सगळी माणसं रात्री पळतात. पीक बदललं, म्हणून म्हणीचा अर्थही आमच्यासाठी बदलला. तसंच मृगाचं. मृग ७-८ जूनला निघतो, तो कुळवाची पाळी पुरी करायचा, बियाणं दाराशी आणून ठेवायचा दिवस म्हणून फार चांगला आहे. पण मृग निघाला म्हणून मूठ धरायची, किंवा पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक आहे म्हणून पेरायचं, याला माझी तयारी नाही. वाहन सगळ्या महाराष्ट्राला एकच असतं, ओल प्रत्येक बांधाला वेगळी.

थांबा म्हणताना मुदतीचंही भान ठेवलं पाहिजे, नाहीतर थांबता थांबता हंगाम जातो. मूग आणि उडीद जुलैचा पहिला आठवडा उलटला की पेरू नयेत. सोयाबीन १५ जुलैपर्यंत चालतं, जसजसा उशीर होतो तसतसा उतारा घटतो. त्यानंतर तूर, सूर्यफूल, एरंडी असा विचार करावा लागतो. हे विद्यापीठाच्या आपत्कालीन पीक नियोजनात दिलेलं असतं. म्हणून जूनमध्ये दहा-बारा दिवस थांबलं तर काही बिघडत नाही, हे लोकांना तारखा देऊन सांगितलं तर पटतं. नुसतं 'घाई करू नये' म्हटलं तर शेजाऱ्याची तिफण चालताना बघून कोणाचाही धीर सुटतो. धीर सुटू नये म्हणून आम्ही घरात एक ठरवून घेतलं आहे. पेरणीच्या बियाण्यापैकी थोडं बाजूला, वेगळ्या पोत्यात, बांधून ठेवायचं आणि पिकाला चार पानं फुटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. नांगे, म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा, भरायला ते लागतंच, आणि घरात आहे म्हटल्यावर मनही घाबरत नाही.

असे हातावर मोजता येणारे नियम प्रत्येक पिकाला आहेत. माझी बहीण जालन्याकडं कापूस करते. गुलाबी बोंडअळीसाठी तिला शिकवलेलं आहे की रानात फिरत वीस हिरवी बोंडं तोडून फोडून बघायची, दोनांत अळी निघाली तर फवारा घ्यायचा, त्याहून कमी असेल तर थांबायचं. तिचा औषधावरचा खर्च त्यामुळे आवाक्यात राहिला आहे. पण तिच्या गावात बहुतेकजण दुकानदार म्हणेल तेव्हा फवारतात, कारण हा नियम त्यांच्यापर्यंत कोणी पोचवला नाही. सरकारच्या पुस्तिका निघतात, त्या मेळाव्यात वाटतात, मेळाव्याला पुरुष जातात आणि पुस्तिका दुचाकीच्या डिकीत राहते. पेपर मात्र घरात येतो. तो आम्ही वाचतो, त्यात पोळ्या गुंडाळतो, त्यावर बियाणं तपासतो.

म्हणून माझी मागणी नेमकेपणानं सांगते. रोहिणी निघायच्या आधी, म्हणजे २५ मेच्या आत, उगवण तपासायची रीत आणि ७० पासून ६० टक्क्यांपर्यंत एकरी किती बियाणं लागेल त्याचा तक्ता छापा. तपासायला आठवडा जातो आणि बियाणं कमी निघालं तर दुसरं शोधायलाही दिवस लागतात, त्यामुळे जूनमध्ये छापून उपयोग नाही. १ जूनपासून जिल्ह्याच्या पानावर लातूरच्या दहाही तालुक्यांतल्या सगळ्या मंडळांचा कालचा पाऊस आणि १ जूनपासूनची बेरीज, असे दोन आकडे रोज द्या. त्याच्या खाली खुरपं, वीत आणि मातीचा लाडू यांची चार ओळींत माहिती द्या, ती रोज तीच असली तरी चालेल. पेरणी सुरू झाल्याची बातमी द्यायची असेल तर त्या गावात ओल किती खोल गेली होती ते बातमीदारानं विचारून लिहावं. आणि ज्या दिवशी पाऊस पडला नाही त्या दिवशीही त्या मंडळापुढं शून्य छापा, रकाना रिकामा सोडू नका. रिकामा रकाना बघून माणूस समजतो की आकडा आला नाही. शून्य बघितलं तर खंड किती दिवसांचा झाला ते मोजता येतं.

आपली वाचक,
एक शेतकरी, औसा तालुका, जि. लातूर
(नाव छापू नये, ही विनंती)